पत्ता मुंबईचा, राउटर मुरबाडचा

मुरबाडच्या घरात बसून ‘माझा आयपी पत्ता’ शोधला, तर ठिकाणापुढे पुष्कळदा मुंबई उमटते. भातसा-तानसा धरणांचं पाणी मुंबईला पाठवणाऱ्या शेजारच्या शहापूरकरांना, आपल्या वस्तूवर मुंबईचं नाव लागण्याची तशी सवयच आहे. पण इथे लबाडी कोणाचीच नाही. आयपी पत्त्यांच्या जाहीर नोंदवहीत घर नसतंच, असतो तो खातेदार.

सातबारा हाताळलेल्याला ही वही परकी वाटणार नाही. २०३.०.११३.२५ असा चार आकड्यांचा पत्ता घ्या (हा फक्त उदाहरणांसाठी राखून ठेवलेला आहे, कोणाच्या घरचा नाही). चार आकड्यांच्या या जुन्या पद्धतीत पत्ते सुमारे ४२९ कोटी. ते जागतिक साठ्यातून पाच प्रादेशिक संस्थांकडे उतरतात. आपल्या वाट्याची एपनिक, ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला. भारतात २०१२पासून निक्सी ही संस्था ‘इरिन’ या नावाने वाटप पाहते. तिच्याकडून इंटरनेट कंपनीला २५६, ५१२ अशा सलग पत्त्यांचा गट मिळतो, आणि पुढे केबलवाल्याच्या वायरीतून एखादा पत्ता आपल्यापर्यंत येतो. वहीत नाव मात्र गटधारकाचं. ‘मुंबई’ हा अंदाज खाजगी कंपन्या ही नोंद आणि इतर खुणा जुळवून बांधतात.

३ फेब्रुवारी २०११ला जागतिक साठा संपला. तेव्हापासून एकाच पत्त्यामागे अनेक घरं बसवणं वाढलं. त्यामुळे पोलिसांना वही कंपनीपर्यंतच नेते. कोणत्या क्षणी, कोणत्या पोर्टवर (म्हणजे त्या पत्त्याच्या कोणत्या क्रमांकाच्या दारावर) कोणतं घर होतं, हे कंपनीच्या स्वतःच्या दप्तरातच सापडतं.

मग वहीचा उपयोग काय? समजा, शहापूरच्या एखाद्या पतसंस्थेच्या सर्व्हरवर रात्री कुठून तरी पासवर्डांचा मारा सुरू झाला. तिथला माणूस तो पत्ता वहीत शोधतो. गट कुठून कुठवर, कोणाचा, नोंद बदलायचा हक्क कोणाला, शेवटचा बदल कधी, आणि तक्रारीचा ईमेल. सगळं अडतं ते या ईमेलपाशी. नोकरी सोडून गेलेल्याचा ईमेल तसाच राहिलेला असतो. मयत खातेदाराचं नाव वारसनोंदीविना सातबाऱ्यावर राहावं, तसा. म्हणून एपनिक दर सहा महिन्यांनी तक्रारीच्या ईमेलवर पत्र धाडून, कोणी उत्तर देतंय का, हे तपासते. मला ही सुधारणा सगळ्यांत मोलाची वाटते, दिसायला कितीही कारकुनी असली तरी.

दुसरी सुधारणा वाचण्याच्या पद्धतीतली. १९८२पासूनची ‘हू-इज’ पद्धत साधा मजकूर परत करते, आणि प्रत्येक संस्थेची मांडणी निराळी. माणूस वाचून घेतो, प्रोग्रॅम गोंधळतो. २०१५मध्ये ठरलेली ‘आरडीएपी’ तीच माहिती ठरावीक रकान्यांत, वेबच्याच सुरक्षित मार्गाने देते. चुकीच्या दारात गेलात, तर योग्य संस्थेकडे धाडायची सोयही तिच्यात आहे.

आणि मुंबईचं काय? गटधारकाला आता आपल्या नोंदीत एका यादीचा दुवा जोडता येतो. हे पत्ते अमुक गावचे, हे तमुक शहराचे, अशी ती यादी. मुरबाडसाठी एक ओळ पुरते. पण कल्याण, शहापूर आणि मुरबाडची गिऱ्हाईकं एकाच पत्त्यामागे बसवलेली असतील, तर त्या ओळीत मुंबई लिहिणाऱ्या कंपनीला खोटं पाडणं अवघड आहे.