11 जुलैचे कान

11 जुलै 2006, मंगळवार. संध्याकाळी 6 वाजून 24 मिनिटांनी पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये पहिला बॉम्ब फुटला आणि पुढच्या 11 मिनिटांत आणखी सहा. सातही बॉम्ब चर्चगेटहून निघालेल्या गाड्यांच्या फर्स्ट क्लासच्या डब्यांत होते. माटुंगा रोडपासून मीरा रोड-भाईंदरपर्यंतच्या पट्ट्यात 180 हून अधिक माणसं गेली, 800 हून अधिक जखमी झाली. दरवर्षी 11 जुलैला हे आकडे छापून येतात. त्यातल्या 800 जणांचं पुढे काय झालं, हे मात्र क्वचितच छापून येतं. त्यांच्यापैकी काही जण माझ्यासमोर बसले होते, म्हणून लिहिते आहे.

मी ऑडिओलॉजिस्ट. माणसाला किती आणि कसं ऐकू येतं, ते मोजणं हे माझं काम. त्या रात्री रुळांलगतच्या वस्त्यांतल्या लोकांनी चादरींच्या झोळ्या करून जखमींना बाहेर काढलं. भाभा, कूपर, सायन, केईएम, भगवती ही रुग्णालयं भरून गेली. डॉक्टरांनी आधी रक्तस्राव, भाजलेली त्वचा, तुटलेले हातपाय पाहिले आणि तेच योग्य होतं. कानांची पाळी आली ती काही आठवड्यांनी, घरच्यांनी “हे हल्ली हाकेला ओ देत नाहीत” म्हटल्यावर.

स्फोट झाला की हवेच्या दाबाची लाट आवाजापेक्षाही वेगाने पसरते. हवेतली अगदी बारीक थरथर टिपण्यासाठी कानाचा पडदा बनलेला असतो, त्यामुळे सगळ्यात आधी फाटतो तोच. सुमारे 35 किलोपास्कल जादा दाब त्याला पुरतो. फुप्फुसाला इजा व्हायला साधारण त्याच्या तिप्पट दाब लागतो. म्हणजे अंगावर ओरखडाही नसलेल्या माणसाचा पडदा फाटलेला असू शकतो. डब्याच्या लोखंडी भिंतींवर आपटून ही लाट पुन्हा उलटते आणि इजा वाढते. 11 मार्च 2004 ला माद्रिदच्या लोकल गाड्यांत स्फोट झाले, तेव्हा तिथल्या एका मोठ्या रुग्णालयाने मध्यम ते गंभीर जखमी असलेल्या 243 जणांची नोंद तपासली. त्यांतल्या सुमारे 40 टक्के लोकांचे पडदे फाटले होते.

पडद्याचं लहान भोक बहुतेक वेळा आपोआप बुजतं, मोठ्या भोकाला शस्त्रक्रिया असते. खरं नुकसान होतं ते त्याच्या आत. गोगलगाईच्या शंखासारख्या कॉक्लियात सुमारे 15,000 सूक्ष्म केसपेशी असतात. त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. सहसा उंच पट्टीचे आवाज आधी जातात.

एका काकांची तपासणी मला स्पष्ट आठवते. हेडफोन लावून, आवाज आला की बटण दाबायचं. मी आवाज सोडलेलाच नव्हता, तरी ते बटण दाबत होते. त्यांच्या कानात अखंड शिट्टी वाजत होती आणि माझा आवाज कुठला, त्यांचा कुठला, हे त्यांना वेगळं करता येईना. मग मी तुटक-तुटक टोन देऊन पुन्हा मोजलं. शब्दांच्या चाचणीत मी “सात” म्हटलं, त्यांनी “आत” सांगितलं. “स” गेलेला होता. डावा कान जवळपास निकामी, उजवा बरा. ते म्हणाले, “मॅडम, प्लॅटफॉर्मवर गाडी कुठल्या बाजूने येतेय ते कळत नाही हो.” दिशा ओळखायला दोन्ही कान लागतात. एकच चालत असेल तर रस्ता ओलांडणंही धोक्याचं होतं.

या काकांना अपंगत्वाचं प्रमाणपत्र मिळणार नव्हतं. 1995 च्या कायद्यात चांगल्या कानाची श्रवणशक्ती 60 डेसिबल किंवा त्याहून जास्त घटली असेल, तरच श्रवणदोष धरला जाई. 2016 चा कायदाही दोन्ही कानांची घट पाहतो. कानात वाजणारी शिट्टी तर कुठल्याच मोजमापात बसत नाही, मग त्या माणसाची झोप वर्षानुवर्षं उडालेली का असेना. रेल्वे कायद्यात दहशतवादी कृत्याने झालेल्या इजेला भरपाई आहे, संपूर्ण बहिरेपणालाही आहे. अर्धवट बहिऱ्या माणसाला मात्र आपली इजा कागदावर सिद्ध करत बसावं लागतं.

या स्फोटांच्या खटल्यात 2015 मध्ये विशेष न्यायालयाने 12 जणांना दोषी ठरवलं, त्यांतल्या पाच जणांना फाशी सुनावली. 21 जुलै 2025 ला मुंबई उच्च न्यायालयाने सगळ्यांची शिक्षा रद्द केली. बॉम्ब कोणत्या प्रकारचे होते, हेसुद्धा सरकारी पक्षाला सिद्ध करता आलं नाही, असं न्यायालयाने म्हटलं. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. हे कुणी केलं, याचं खरं उत्तर जखमींना मिळायलाच हवं, आणि निरपराध माणूस तुरुंगात राहता कामा नये. पण जखमींची काळजी घ्यायला कुठल्याही निकालाची वाट पाहावी लागत नाही. प्रत्येक जखमीची कायमची नोंद ठेवा, घरी सोडण्याआधी कान तपासा, महिन्याने, सहा महिन्यांनी आणि वर्षाने पुन्हा तपासा. एका कानाचं नुकसानही मोजमापात धरा. एवढं व्हायलाच हवं.

आणि वाचकांसाठी: स्फोटाच्या जवळ असलात आणि कानांत दडे बसले, तर कानात तेल घालू नका, डॉक्टरांना विचारल्याशिवाय थेंबही नकोत. पाणी जाऊ देऊ नका, नाक जोरात शिंकरू नका. बाहेरून काही लागलेलं नसलं तरी आठवड्याच्या आत कानाच्या डॉक्टरांकडे जा, ऑडिओग्राम (श्रवणचाचणीचा आलेख) काढून घ्या आणि त्यावर तारीख आहे ना, ते पाहा. तो कागद जपून ठेवा. रेल्वे दावा न्यायाधिकरणात अर्ज करायला एकच वर्ष मिळतं, आणि तिथे तुमच्या कानाची साक्ष देणारा तो एकमेव कागद असू शकतो.