आभाळातून आपले शेत किती ठिपक्यांचे दिसते?

इयत्ता ४ थी



टीव्हीवर बातम्यांत वादळाचा फोटो दाखवतात. खाली समुद्र आणि वर भोवऱ्यासारखे पांढरे ढग. तो फोटो उपग्रह काढतो, हे सगळ्यांना माहीत आहे. पण एवढ्या वर काढलेला फोटो खाली कसा येतो? वर काही पोस्टमन नाही. मी गुरुजींना विचारले तेव्हा त्यांनी दोन दिवस हेच शिकवले.

पूर्वी कॅमेऱ्यात फिल्मचा रोल असायचा. आमच्या आजीच्या पेटीत असे काळे तुकडे अजून आहेत. उजेडाकडे धरले की माणसे काळ्या तोंडाची आणि पांढऱ्या केसांची दिसतात. आभाळातसुद्धा आधी फिल्मच होती. १९५९ साली रशियाचे लूना-३ हे यान चंद्राच्या मागे गेले. चंद्राची ती बाजू कधीच कुणी पाहिली नव्हती. यानाने फिल्म यानातच धुतली, वाळवली आणि मग रेडिओने चित्र खाली पाठवले. अमेरिकेची तर आणखी गंमत. त्यांचे कोरोना नावाचे हेरगिरीचे उपग्रह १९६० ते १९७२ पर्यंत फिल्म डब्यात घालून खाली टाकायचे. डबा पॅराशूटने येताना विमान त्याला आकडा लावून हवेतच पकडायचे! हे ऐकून वर्गात सगळे ओरडले. पण रोल संपला की उपग्रह रिकामा. म्हणून दुसरी युक्ती पाहिजे होती.

ती युक्ती म्हणजे चित्राचे आकडे करायचे. आकडे रेडिओवरून पाठवता येतात. १९६५ साली मरिनर-४ हे यान मंगळाजवळून गेले. त्याच्या एका चित्रात २०० ओळी आणि एका ओळीत २०० ठिपके, म्हणजे ४०,००० ठिपके. प्रत्येक ठिपक्याला ० ते ६३ पैकी एक आकडा, किती उजेड किती अंधार ते सांगणारा. एक चित्र यायला आठ तास लागत. खाली बसलेल्या शास्त्रज्ञांना संगणकाने चित्र करीपर्यंत दम निघेना. त्यांनी आकड्यांच्या कागदी पट्ट्या भिंतीवर चिकटवल्या आणि रंगीत खडूने आकड्याप्रमाणे रंग भरला. मंगळ असा खडूने उमटला! ते चित्र अमेरिकेत अजून जपून ठेवले आहे. आमच्या वर्गाने तसाच आंब्याच्या पानाचा तक्ता केला आहे. तो या कागदाच्या शेजारी लावला आहे, पालकांनीही बघावा.

मरिनरच्या कॅमेऱ्यात काचेची नळी होती. आता नळी नाही, सिलिकॉनची पातळ चकती असते. सिलिकॉन वाळूत असते बरे का. १९६९ साली अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ या दोघांनी सीसीडी नावाची वस्तू शोधली. त्याबद्दल त्यांना २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले, म्हणजे चाळीस वर्षांनी.

सीसीडी कशी चालते ते नीट सांगतो, कारण मला ते सगळ्यांत आवडले. समजा अंगणात घमेली ओळीने मांडली. दहा ओळी, एका ओळीत दहा घमेली. मग पाऊस आला. झाडाखालच्या घमेल्यात थोडे पाणी पडेल, पागोळीखालच्या घमेल्यात जास्त. पाऊस म्हणजे उजेड, घमेले म्हणजे सिलिकॉनवरचा एक बारीकसा चौकोन. उजेड पडला की त्या चौकोनात विजेचे कण सुटतात. जास्त उजेड, जास्त कण. आता पाणी मोजायचे कसे? शंभर घमेल्यांपाशी शंभर मापे नेता येत नाहीत. म्हणून स्लॅब टाकताना माणसे घमेली हातोहात देतात ना, तसे करायचे. सगळ्या ओळी एकदम एक पाऊल पुढे सरकतात. शेवटची ओळ काठावर येते. त्या ओळीतले एकेक घमेले कोपऱ्यात नेऊन मापात ओततात आणि आकडा लिहितात. मग पुढची ओळ. मोजणारा एकच आणि तो जागचा हलत नाही. पाणी मात्र वाटेत सांडता कामा नये, नाहीतर चित्र बिघडते.

घमेल्यात उजेडाशिवायही पाणी येते. चकती गरम झाली की उष्णतेनेच विजेचे कण सुटतात. म्हणजे पाऊस नसताना घमेले भरायला लागले. म्हणून दूरचे मंद तारे बघणाऱ्या दुर्बिणीत ही चकती खूप थंड ठेवतात. १९८९ साली निघालेले गॅलिलिओ यान ८०० ओळींची सीसीडी घेऊन गुरू ग्रहाकडे गेले. तिथे पोचायला त्याला १९९५ साल उजाडले. फोटो मात्र रेडिओने आले, डबा टाकायला नको.

मोबाइलमध्ये असते ती चकती सीसीडीची धाकटी बहीण. तिचे नाव सीमॉस. तिच्यात प्रत्येक चौकोनापाशी मोजायची सोय असते, घमेली सरकवावी लागत नाहीत. ती चांगली व्हावी म्हणून अमेरिकेच्या नासामध्ये एरिक फॉसम यांनी १९९० नंतर काम केले. यानासाठी केलेली वस्तू आता बाबांच्या खिशात आहे.

आता आपल्या भारताचे सांगतो. १७ मार्च १९८८ रोजी आयआरएस-१ए हा उपग्रह रशियन रॉकेटने वर गेला. तो ९०४ किलोमीटर उंचीवरून फिरायचा. त्याच्या एका कॅमेऱ्यात घमेल्यांची एकच ओळ होती, २०४८ घमेल्यांची. एकाच ओळीने फोटो कसा निघेल? आई अंगण झाडते तेव्हा झाडू आडवा धरते आणि पुढे चालते, तसा उपग्रह चालतो आणि जमीन झाडत जातो. जमिनीवर एका ठिपक्यात साडेबहात्तर मीटर लांब आणि तेवढीच रुंद जागा मावायची. २०४८ ला ७२.५ ने गुणा. सुमारे १४८ किलोमीटर रुंदीचा पट्टा येतो.

पण त्या एका ठिपक्यात जमीन किती? सुमारे ५२ गुंठे! म्हणजे एक एकर बारा गुंठे. दुसरा कॅमेरा बारीक होता, त्याचा ठिपका सुमारे १३ गुंठ्यांचा.

आमचे आजोबा हे ऐकत होते. ते म्हणाले, "आरं, एवढं वरनं बघत्यात, तर गेल्या साली गारपिटीनं झोपलेला आपला हरभरा कुणाला दिसला का न्हाई?"

मी हा प्रश्न गुरुजींना नेऊन विचारला. गुरुजी म्हणाले, आधी पान बघू. हिरवे पान तांबडा प्रकाश अन्न करायला वापरते. पण अवरक्त नावाचा प्रकाश असतो, तो आपल्या डोळ्यांना दिसत नाही. तो मात्र पान जोरात परत फेकते. सिलिकॉनला हा प्रकाश दिसतो. टीव्हीच्या रिमोटचे टोक मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. पुष्कळ मोबाइलमध्ये दिवा लागलेला दिसतो, डोळ्यांना नाही दिसत. उपग्रह तांबडा आणि अवरक्त दोन्ही वेगवेगळे मोजतो. अवरक्त खूप आणि तांबडा कमी आला तर पीक जोमात आहे. पान फाटले, वाळले की आकडे बदलतात. म्हणजे झोपलेले पीक वरून कळू शकते.

पण ठिपका मोठा असेल तर आपला हरभरा, शेजाऱ्यांचा ऊस आणि बांधावरची बाभळ यांचा मिळून एकच आकडा येतो. दोन घरची ज्वारी एका मापात ओतली तर कुणाची किती कसे कळणार? मग ठिपका लहान करावा. २०१९ साली गेलेल्या आपल्या कार्टोसॅट-३ ला सुमारे एका फुटाचा ठिपका दिसतो. पण त्याचा पट्टा सोळा-सतरा किलोमीटरच रुंद आहे. एवढ्या अरुंद झाडूने सगळा देश झाडायला फार वेळ लागतो. युरोपचे सेंटिनेल-२ उपग्रह मधले आहेत. पहिला २०१५ साली गेला. दोन उपग्रह मिळून दर पाच दिवसांनी त्याच जागेवर येतात, आणि ठिपका दहा मीटरचा. ढग असले की मात्र फक्त ढगच दिसतात. खरिपाचे पीक वाढते तेव्हाच नेमके ढग! सीसीडी असो की सीमॉस, ढगाच्या आरपार बघता येत नाही.

दहा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद म्हणजे एक आर, जवळजवळ गुंठाच. म्हणून सातबाऱ्यावर जेवढे आर, तेवढे ठिपके. एक हेक्टरचे शंभर. पालकांनी आपापले मोजून बघावेत. आमचे बावीस आर आहेत, म्हणजे बावीस ठिपके. पण आमचे वावर लांबडे आहे, रुंदी फक्त वीस मीटर, म्हणजे आडवे दोनच ठिपके. ते दोन्ही बांधाला लागूनच. हे सांगितल्यावर आजोबा हसले आणि म्हणाले, "मग त्यातला निम्मा तर बांधच दिसत असंल!"