जुनी स्पोर्ट्स कार : आधी पाया, मग कळस

वस्तू जुनी झाली की तिचे मोल घटते, हा लेखाशास्त्राचा सर्वमान्य नियम आहे. घसारा दरवर्षी आपला वाटा उचलतो आणि अखेर हिशेबाच्या वहीत त्या वस्तूपुढे नाममात्र आकडा उरतो. काही वस्तू मात्र या नियमाला अपवाद ठरतात. जपानच्या माझदा कंपनीची एमएक्स-५ ही त्यांपैकी एक होय. फेब्रुवारी १९८९ मध्ये अमेरिकेतील शिकागो येथील मोटार प्रदर्शनात ही दोन आसनांची, उघड्या टपाची छोटेखानी मोटार प्रथम जगासमोर आली. अमेरिकेत ती ‘मियाटा’ म्हणून, तर मायदेशी ‘युनोस रोडस्टर’ म्हणून ओळखली गेली. पहिल्या पिढीच्या या मोटारींचे उत्पादन १९९७ मध्ये थांबले. परंतु अमेरिका, ब्रिटन आणि जपानमधील हजारो घरांत त्या आजही जिवापाड जपल्या जात आहेत.

घोडा आणि स्वार

या मोटारीची जडणघडण ‘जिनबा इत्ताई’ या जपानी संकल्पनेवर झाली. घोडा आणि स्वार यांचे एकरूप होणे, असा तिचा अर्थ. पक्की मांड असलेल्या स्वाराला घोड्याची प्रत्येक हालचाल आपल्याच अंगात जाणवते. तशी ही मोटार चालकाला जाणवावी, अशी अभियंत्यांची आकांक्षा होती. त्यासाठी १६०० सीसीचे माफक इंजिन पुरेसे मानले गेले, वजन हजार किलोग्रॅमच्या आत राखण्यात आले आणि चारही चाकांना ‘डबल विशबोन’ पद्धतीचे सस्पेन्शन देण्यात आले. शक्तीपेक्षा संतुलनावर भर, हे या मोटारीचे खरे भांडवल.

तीस-पस्तीस वर्षांत हेच भांडवल झिजते. रबरी बुश कडक होऊन चिरतात, शॉक ॲब्सॉर्बरमधील तेल झिरपते, स्प्रिंगा बसतात. झीज इतकी हळूहळू होते की मालकाच्या ती ध्यानीही येत नाही. मग एके दिवशी वळणावर गाडी झोल खाते आणि ‘आता हिच्यात काही सुधारणा करावी’ असा विचार मनात येतो. नेमकी येथेच पहिली चूक होण्याचा संभव असतो.

दुरुस्ती आणि सुधारणा

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला महसुली खर्च आणि भांडवली खर्च यांतील भेद प्रारंभीच शिकवला जातो. झिजलेले पूर्ववत करणे ही दुरुस्ती; मुळात नव्हते ते आणणे ही सुधारणा. जुन्या मोटारीच्या बाबतीत दुरुस्ती टाळून केलेली सुधारणा बहुधा वाया जाते. चिरलेल्या बुशांवर उंची शॉक ॲब्सॉर्बर बसवणे म्हणजे ओल आलेल्या भिंतीला भारी रंग देण्यासारखे आहे.

म्हणून जाणकार कारागीर आरंभ बुशांपासून करतात. येथे एक बारकावा महत्त्वाचा आहे. रबरी बुशांचे बोल्ट अखेरचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी असताना. चाके अधांतरी लोंबकळत असताना ते आवळले, तर गाडी खाली येताच रबर कायमचे पिळलेले राहते आणि नवा बुश अल्पावधीतच फाटतो. बुश पॉलियुरेथेनचे घेतले तर गाडीची हालचाल अधिक नेमकी होते. मात्र रस्त्याचा खडबडीतपणाही आसनापर्यंत अधिक पोहोचतो.

त्यानंतर स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर. खड्ड्याचा दणका स्प्रिंग साठवते आणि शॉक ॲब्सॉर्बर त्याचे उष्णतेत रूपांतर करून तो जिरवतो. ही जोडी एकमेकांना अनुरूप असावी लागते. स्प्रिंग ताठ आणि शॉक ॲब्सॉर्बर दुबळा असेल, तर गाडी दणक्यानंतरही उसळत राहते. अनेकांना गाडी जमिनीलगत बसवण्याचा मोह होतो. एमएक्स-५ च्या पहिल्या पिढीत सस्पेन्शनला वर-खाली होण्यास मुळातच जागा बेताची आहे. गाडी फार खाली आणली की ते दर खड्ड्यात रबरी अडसरावर आपटते. दिसायला रुबाबदार, पण चालवायला कष्टप्रद, अशी तिची गत होते. या मोटारीच्या काही मूळ आवृत्त्यांना कंपनीनेच बिलस्टीन शॉक ॲब्सॉर्बर दिले होते. उंचीला फारसा धक्का न लावता गाडी सावरण्यासाठी तशा प्रकारची जोडणी हा समतोल पर्याय ठरतो.

शेवटी चाकांचे अलाइनमेंट अपरिहार्य होय. त्यासाठीचे बोल्ट या वयाच्या गाड्यांत गंजून अडकलेले असतात. ते सोडवणे वेळखाऊ असले, तरी त्यावाचून आधीच्या खर्चाचे चीज होत नाही.

हातातील चाक

यानंतर येते स्टिअरिंग व्हील. प्रवासभर ज्याला हात लागलेला असतो, असा हा भाग बदलण्याची हौस स्वाभाविक आहे. मोमो आणि नार्डी या इटालियन कंपन्यांची व्हील्स यासाठी प्रसिद्ध आहेत. मात्र दोहोंची बोल्टची मांडणी निराळी असते. मोमोची सहा छिद्रे सामान्यतः ७० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर, तर नार्डीची ७४ मिलिमीटरच्या वर्तुळावर असतात. खरेदीपूर्वी याची खातरजमा केलेली बरी. व्यासही विचारात घ्यावा लागतो. ३८० मिलिमीटरऐवजी ३५० मिलिमीटरचे व्हील घेतले, तर ते फिरवण्यास सुमारे साडेआठ टक्के अधिक जोर लागतो. पॉवर स्टिअरिंग नसलेल्या गाडीत हा फरक पार्किंग करताना चांगलाच जाणवतो.

अलाइनमेंट आधी आणि व्हील नंतर, या क्रमालाही कारण आहे. अलाइनमेंट बिघडलेले असेल, तर सरळ रस्त्यावरही व्हील तिरपे दिसते. अशा वेळी ते काढून एक-दोन दाते सरकवून बसवले की दोष दिसेनासा होतो. पण तो नाहीसा झालेला नसतो.

सर्वांत गंभीर प्रश्न एअरबॅगचा. अमेरिकेत विकल्या गेलेल्या एमएक्स-५ मध्ये चालकासाठी एअरबॅग प्रथमपासूनच होती आणि ती स्टिअरिंग व्हीलमध्येच सामावलेली आहे. व्हील बदलणे म्हणजे अपघातातील ते कवच सोडून देणे. काही जण धोक्याचा दिवा पेटू नये म्हणून तारांत रोध जोडतात. त्याने दिवा विझतो, संरक्षण मात्र परत येत नाही. एअरबॅगमध्ये स्फोटक प्रभार असल्याने ती हाताळणे हे प्रशिक्षित तंत्रज्ञाचेच काम आहे. रोज रहदारीत वापरल्या जाणाऱ्या गाडीत मूळ व्हीलला नवे चामडे शिवून घेणे, हा अधिक शहाणपणाचा मार्ग होय.

मूळ वस्तूचे मोल

काढलेले भाग जपून ठेवावेत, हा आणखी एक धडा. माझदाने २०१७ मध्ये जपानमधील पहिल्या पिढीच्या गाड्यांसाठी जीर्णोद्धार सेवा जाहीर केली. एके काळी काही आवृत्त्यांना मिळणारे नार्डीचे लाकडी स्टिअरिंग व्हीलही त्यासाठी पुन्हा उपलब्ध करून देण्यात आले. खुद्द निर्मात्यालाच मूळ भागांची महती पटली, तेव्हा मालकाने ते भंगारात का टाकावेत? जो बदल पुन्हा मागे घेता येतो, तोच जुन्या वस्तूला मानवतो.

भारतातील वाहनमालकांनी आणखी एक भान ठेवणे अगत्याचे आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून वेगळे ठरतील असे फेरफार वाहनात करता येत नाहीत. म्हणून कोणत्याही बदलापूर्वी परिवहन कार्यालयात चौकशी करावी, विमा कंपनीला लेखी कळवावे आणि वाहन कर्जाचे तारण असल्यास बँकेलाही विश्वासात घ्यावे.

हौसेला मोल नसते असे म्हणतात. पण हौसेला क्रम मात्र असावा. आधी झीज भरून काढावी, मग संतुलन साधावे आणि शोभेचा विचार सर्वांत शेवटी करावा. या वाटेने गेलेली जुनी मोटार वळणावर पुन्हा एकदा स्वाराच्या मनातले ओळखते. वहीतला तिचा आकडा कितीही उतरलेला असो, त्या क्षणाला घसारा लागू होत नाही.