रक्त साकळण्याची परीक्षा कितपत विश्वसनीय ?

हृदयांत कृत्रिम झडप बसविलेल्या किंवा पायाच्या शिरेंत रक्ताची गुठळी झालेल्या मनुष्यास वॉर्फरिन अथवा त्याच वर्गांतील दुसरें औषध महिनोगणती, कधीं आजन्म, घ्यावें लागतें. मात्रा कमी पडली तर गुठळी होण्याचें भय, जास्त झाली तर रक्तस्रावाचें. म्हणून वेळोवेळीं रक्त तपासून 'आय्. एन्. आर्.' नांवाचा आंकडा पाहतात. बहुतेकांच्या बाबतींत तो २ ते ३ च्या दरम्यान असावा लागतो. परंतु एकाच आठवड्यांत दोन प्रयोगशाळांचे आंकडे निरनिराळे आले, म्हणजे घरांतील मंडळी गोंधळून जातात.

मुळांत या परीक्षेंत औषध मोजलेंच जात नाहीं. औषधामुळें रक्त साकळविणारीं कांहीं द्रव्यें यकृतांत कमी तयार होतात. त्यामुळें रक्तरस साकळावयास किती सेकंद लागतात, एवढेंच पाहिलें जातें. ही रीत अमेरिकेंतील आर्मंड क्विक यांनीं १९३५ सालीं प्रसिद्ध केली. तींत रक्तरसांत थ्रॉम्बोप्लास्टिन नांवाचें द्रव्य मिसळावें लागतें, आणि खरी मेख येथेंच आहे. प्रत्येक बनावटीचें द्रव्य सारखें संवेदनशील नसतें. इंग्लंडांत मनुष्याच्या मेंदूपासून काढलेलें द्रव्य औषधाचा परिणाम चटकन दाखवी. अमेरिकेंतील सशाच्या मेंदूचें तितकेंसें दाखवीत नसे. परिणाम असा कीं, कागदावर तोच आंकडा गांठण्यासाठीं अमेरिकेंतील रोग्यांस कित्येक वर्षें अधिक औषध दिलें गेलें. पूर्वीं गांवोगांवचा शेर निराळा असे, त्यांतलाच हा प्रकार. फरक इतकाच कीं, येथें तराजूंत माणसाचा जीव होता.

१९८३ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें यावर तोड काढली. प्रत्येक द्रव्य प्रमाणभूत द्रव्याशीं ताडून त्यास एक निर्देशांक द्यावयाचा, आणि रोग्याच्या कालास निरोगी माणसाच्या कालानें भागून जें गुणोत्तर येईल त्याचा तितका घात करावयाचा. रोग्यास २४ सेकंद व निरोगी माणसास १२ सेकंद लागले, तर गुणोत्तर २. निर्देशांक १ असल्यास आय्. एन्. आर्. २ च राहतो. निर्देशांक २ असल्यास तोच ४ होतो. सेकंद तेच, पण एक रोगी सुरक्षित आणि दुसरा धोक्यांत ! प्रयोगशाळेनें द्रव्याचा नवा सांठा आणून यंत्रांत जुनाच निर्देशांक ठेवला, तर यंत्र बिनचूक चालूनहि आंकडा चुकतो.

याहून साधी चूक रक्त घेतांनाच होते. नळींत नऊ भाग रक्तास एक भाग सायट्रेटचें पाणी असतें. नळी खुणेपर्यंत न भरल्यास सायट्रेटचें प्रमाण वाढून काल खोटाच लांबतो. आजोबांची शीर सांपडत नाहीं म्हणून अर्ध्या नळीवर 'चालेल' म्हणणाऱ्यास घरच्यांनीं खुशाल अडवावें. तपासणी शक्यतों एकाच ठिकाणीं करावी. अनपेक्षित आंकडा आल्यास तो त्याच दिवशीं डॉक्टरांस कळवावा. गोळी आपल्या मनानें कमीजास्त करूं नये.

डबिगाट्रान, रिव्हारॉक्साबान, अपिक्साबान या नव्या औषधांस मात्र हा आंकडा लागू नाहीं. अपिक्साबान घेणाऱ्याचा काल अगदीं निरोग्यासारखा दिसूं शकतो, आणि तरीहि औषध रक्तांत पुरेपूर असतें.