मराठा सुतार : परसांतील एक कारागीर

लासूर स्टेशन हें गांव मनमाड-छत्रपती संभाजीनगर लोहमार्गावरचें. येथें कानीं पडतात ते आवाज मुख्यतः गाड्यांचे व बाजाराचे. म्हणून दोन वर्षांपूर्वीं माघांतील एके सकाळीं आमच्या परसांत ठक्‌ ठक्‌ असा आवाज सुरू झाला, तेव्हां शेजारीं सुतारकाम निघालें असेल, असें समजून कोणी तिकडे लक्ष दिलें नाहीं. "आजोबा, निंबावर पाहा, पक्षी ठोकतो आहे!" अशी नातवाची हांक आली, तेव्हां आम्हीं पोथी मिटली आणि बाहेर आलों.

निंबाची एक फांदी वाळून कोळ झाली होती. तिला खालच्या अंगानें बिलगून बुलबुलाएवढा एक पक्षी चोंच चालवीत होता. पाठ काळसर, तिच्यावर पांढरे ठिपके; कपाळ पिवळें, मागें तांबडा तुरा; आणि पोटावर कुंकवाचें बोट ओढावें तसा लाल डाग. थोड्या वेळानें त्याची सहचरी आली. तिच्या माथ्यावर तांबडा रंग नव्हता, तो सारा पिवळाच होता. नर-मादी ओळखण्याची खूण तीच.

हा पक्षी म्हणजे मराठा सुतार. इंग्रज पक्षिशास्त्रज्ञ जॉन लॅथम यानें १८०१ सालीं याचें शास्त्रीय नामकरण केलें, तेव्हां त्यांत 'महरट्टेन्सिस' हा शब्द घातला. आमच्या देशाचें नांव ज्याच्या माथीं आहे, त्याची ओळख आमच्याच घरांतून नसावी, ही थोडी लाजिरवाणी गोष्ट! वास्तविक हा कांहीं एकट्या महाराष्ट्राचा नव्हे. भारतांत बहुतेक सर्वत्र, तसाच सिंहलद्वीपांत आणि ब्रह्मदेशांतही तो आढळतो. दाट ओल्या अरण्यापेक्षां त्याला कोरडें विरळ रान, बाभळीची झाडी व आमराई अधिक मानवते. आमच्या जिल्ह्यांत कन्नडकडे १९८६ सालीं घोषित झालेलें गौताळा औट्रमघाट अभयारण्य आहे. त्या डोंगरांची पानगळीची झाडी अशाच जातीची.

आपल्या पूर्वजांची दृष्टि मात्र या कुळावरून चुकली नव्हती. अमरकोशांत 'दार्वाघाट' हा शब्द आहे. दारु म्हणजे लाकूड. त्यावर आघात करणारा तो दार्वाघाट. एका शब्दांत त्याचा सारा व्यवसाय आला.

या व्यवसायाचीं हत्यारें त्याला जन्मतःच मिळालेलीं असतात. पायाचीं दोन बोटें पुढें व दोन मागें, त्यामुळें उभ्या खोडावर पकड बसते. शेपटीचीं पिसें ताठ. तीं टेकून तो तिवईसारखा स्थिर राहतो. जीभ लांब, चिकट व टोंकाशीं काटेरी; तिला आधार देणाऱ्या अस्थि कवटीच्या मागून वळून माथ्यापर्यंत जातात. साल फोडून आंतील मुंग्या आणि भुंग्यांच्या अळ्या ही जीभ ओढून काढते. इतके ठोके बसूनही डोकें कसें फिरत नाहीं, ही शंका साहजिक आहे. कवटींत गादीसारखी योजना असेल, असें पुष्कळ दिवस मानीत. परंतु २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या बेल्जियममधील संशोधनानें दाखविलें कीं, कवटी धक्का शोषीत नाहीं. ती हातोड्यासारखी घट्टच असते. मेंदू लहान असल्यामुळें त्याला तो धक्का बाधत नाहीं, इतकेंच.

चार-सहा दिवस आळीपाळीनें खपून त्या जोडप्यानें कलत्या फांदीच्या खालच्या बाजूस वाटोळें भोंक पाडलें. तोंड खालीं, म्हणून पावसाचें भय नाहीं. आंत काड्या नाहींत कीं कापूस नाहीं. लांकडाच्या कपऱ्यांवरच अंडीं घालावयाचीं. तीं बहुधा तीन व पांढरीं शुभ्र असतात. अंधारांत रंग हवा कशाला? खोदणें, उबविणें, भरविणें या तिन्ही कामांत नरमादीचा सारखा वांटा असतो. आमच्या वाचकभगिनींनीं ही गोष्ट घरांतील पुरुषमंडळींस अवश्य वाचून दाखवावी.

चैत्रांत पिलांची चिरचिर ऐकूं येऊं लागली, आणि घरांत वाद उभा राहिला. फांदीखालीं धुण्याचा दगड; तेथें बायकामुलांचा वावर. धाकटे बंधू म्हणाले, "दादा, वळवाच्या वाऱ्यांत ही फांदी पोरांच्या डोक्यांत पडली तर तुम्ही काय कराल?" प्रश्न रास्त होता. आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. कुऱ्हाडही आणून ठेवली होती. तेव्हां स्वयंपाकघराच्या दारांतून सूनबाई हळूच म्हणाल्या, "मामंजी, बाळंतिणीला कोणी घराबाहेर काढतें का? तोंवर धुणें आम्ही विहिरीकडे नेऊं."

बंधू क्षणभर थांबले. मग त्यांनींच शिडी लावून फांदी दोरानें खोडाशीं आवळून बांधली व खालीं काटेरी कुंपण घातलें. पुढें एके सायंकाळीं वळीव कोसळला. सारें घर ओसरीवर उभें राहून त्या फांदीकडे पाहत होतें. दोर टिकला. दुसऱ्या दिवशीं भोंकांतून पिवळी कपाळें पुन्हा डोकावलीं, तेव्हां सर्वांत आधीं हंसले ते बंधूच.

पिलें उडून गेल्यावर फांदीचा पुढचा धोक्याचा भाग त्यांनीं करवतीनें उतरविला. भोंकाचा खुंट ठेवला. यंदा त्यांत दयाळाच्या जोडप्यानें बिऱ्हाड केलें. सुतारानें सोडलेलीं घरें दयाळ, साळुंकी, पिंगळा अशा स्वतः खोदूं न शकणाऱ्या कितीएक पक्ष्यांच्या उपयोगीं पडतात.

वाळकें लांकूड म्हणजे केवळ सरपण, असें आम्ही जन्मभर समजत आलों. बांधावरचें वठलेलें झाड दिसलें कीं तें आधीं तोडावें, ही आपली रीत. वाचकहो, जें अंगावर येण्यासारखें असेल तें जरूर उतरवा. परंतु कुऱ्हाड उचलण्यापूर्वीं एकदां वर पाहा. आंत कोणी नांदत असेल.