ट्रॅक्टरला वेगळ्या मापाचे टायर बसविताना

ट्रॅक्टरचे मागील टायर झिजले म्हणजे काही शेतकरी मूळच्या १२.४-२८ ऐवजी १३.६-२८ मापाचे टायर बसवितात. यांतील पहिला आकडा टायरची रुंदी व दुसरा रिमचा व्यास इंचांत दर्शवितो. व्यास एकच असल्याने टायर बसतो खरा. परंतु रिमची रुंदी त्यास पुरेशी आहे की नाही, हे उत्पादकाच्या तक्त्यावरून पाहणे अगत्याचे आहे.

रुंद टायर उंचही असतो. या दोन मापांच्या उंचीत सुमारे ५ सेंटिमीटर, म्हणजे ४ टक्के अंतर पडते. इंजिनाचे फेरे व गियर तेच ठेवले तरी ट्रॅक्टर तितका जलद चालतो आणि त्याची ओढ तितकी घटते. फवारणी यंत्र मात्र मिनिटाला पूर्वीइतकेच द्रावण सोडते; त्यामुळे एकरी औषध कमी पडते. मग कीड न हटल्याचा दोष बिचाऱ्या औषधाला! यास्तव शेतात १०० मीटर अंतर आखून, ते तोडण्यास लागणारा वेळ मोजावा व द्रावणाचे प्रमाण नव्याने ठरवावे.

चारही चाकांना गती मिळणाऱ्या ट्रॅक्टरचे केवळ मागील टायर बदलणे हिताचे नाही. पुढील व मागील चाकांच्या गतीचे प्रमाण दंतचक्रांनी बांधलेले असते. ते बिघडल्यास कठीण रस्त्यावर पुढील टायर घासतात व दंतचक्रांवर ताण येतो. तेथे दोन्ही जोड्या उत्पादकाने सांगितलेल्या मापांच्याच घ्याव्यात.