रानपिंगळा : सातपुड्याच्या जंगलातील दुर्मिळ घुबड

जालना जिल्ह्यातील जांब समर्थ हे गाव समर्थ रामदासांचे जन्मस्थान म्हणून महाराष्ट्रास परिचित आहे. मराठवाड्यातील अशा कोणत्याही गावी जुन्या वडाच्या ढोलीत किंवा पडक्या वाड्याच्या भिंतीत तिन्हीसांजेला चिरकणारे लहानसे घुबड आढळते. हाच पिंगळा. मान गरगर फिरवून माणसाकडे टक लावणारा हा पक्षी खेडुतांच्या नित्य पाहण्यातला. पहाटे दारी येऊन भविष्य सांगणाऱ्या भिक्षेकऱ्यासही पिंगळाच म्हणतात. मात्र या परिचित पिंगळ्याचा एक जवळचा आप्त याच राज्यात सातपुड्याच्या जंगलात राहतो, याची माहिती फार थोड्यांना आहे. त्याचे नाव रानपिंगळा.

दोन्ही पक्षी आकाराने जवळजवळ सारखेच, म्हणजे वीतभर किंवा त्याहून किंचित मोठे. त्यामुळे प्रथमदर्शनी घोटाळा होतो. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर व पाठीवर पांढऱ्या ठिपक्यांची दाटी असते आणि मानेमागे पांढुरकी कड दिसते. रानपिंगळ्याचे डोके व पाठ करड्या-तपकिरी रंगाची, जवळजवळ बिनठिपक्यांची असते व मानेमागची कडही स्पष्ट नसते. छातीवर गडद तपकिरी रंग इतका दाट असतो की तो सलग पट्ट्यासारखा भासतो. त्याखाली पोटाचा भाग स्वच्छ पांढरा. पंखांवर व शेपटीवर रुंद गडद आणि पांढरे पट्टे एकाआड एक असतात. डोके व चोच अंगाच्या मानाने मोठी, पाय दणकट आणि बोटांपर्यंत पांढऱ्या पिसांनी झाकलेले. एवढ्या खुणा ध्यानात ठेवल्या तर ओळख पटण्यास अडचण पडू नये.

स्वभावातही फरक आहे. घुबड म्हणजे निशाचर, ही समजूत रानपिंगळ्यास लागू पडत नाही. सकाळच्या उन्हात तो पानगळ झालेल्या झाडाच्या उघड्या फांदीवर बसतो आणि दिवसाउजेडी शिकार करतो. सरडे, सापसुरळ्या, उंदीर व मोठे कीटक हे त्याचे भक्ष्य. उत्तेजित झाला की तो शेपटी झटके देत डावीउजवीकडे हलवितो. सागाच्या विरळ पानझडी जंगलात, जुन्या झाडांच्या ढोल्यांत तो घरटे करतो.

असा उघड्यावर बसणारा पक्षी तब्बल ११३ वर्षे कोणाही अभ्यासकाच्या दृष्टीस पडला नाही, ही या हकिकतीतील विलक्षण गोष्ट होय. १८७२ साली एफ. आर. ब्लेविट यांना आजच्या छत्तीसगडमधील फुलझर परिसरात त्याचा पहिला नमुना मिळाला. १८७३ मध्ये ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध करून ब्लेविट यांचे नाव त्यास दिले. पुढे राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ह्यूम ते हेच. त्यानंतर जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्याने खानदेशात काही पक्षी मिळविले. १८८४ नंतर मात्र खात्रीची नोंद नाही. जगातील सर्व संग्रहालयांत मिळून या पक्ष्याचे अवघे सात नमुने होते.

त्यांपैकी एकाने संशोधकांची चांगलीच दिशाभूल केली. रिचर्ड माइनर्टझागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १९१४ साली गुजरातेतील मांडवी येथे आपण हा पक्षी मारल्याचे सांगितले होते. पामेला रासमुसेन व नायजेल कॉलर यांनी त्या नमुन्याची बारकाईने तपासणी केली, तेव्हा तो डेव्हिडसन यांनीच जमविलेला, संग्रहालयातून चोरलेला व पुन्हा नव्याने भरलेला पक्षी असल्याचे उघड झाले. खोटी नोंद बाजूला सारल्यावर शोधाची खरी ठिकाणे उरली, ती जुन्या अस्सल नमुन्यांची.

१९९७ च्या नोव्हेंबरात रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड ॲबट हे त्या ठिकाणी गेले. प्रथम पूर्वेकडील जागा पाहिल्या. तेथे काही हाती लागले नाही. मग ते शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी आले. २५ नोव्हेंबरच्या सकाळी एका उघड्या झाडावर बसलेला रानपिंगळा किंग यांच्या नजरेस पडला. शहादे तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. नंदुरबार जिल्हा १९९८ मध्ये अस्तित्वात आला. पुढील काळात तोरणमाळ, यावल आणि अमरावती जिल्ह्यातील मेळघाट येथे, २०१४ मध्ये तर मुंबईपासून फार दूर नसलेल्या तानसा अभयारण्यातही तो आढळला. या नव्या नोंदींमुळे २०१८ साली आंतरराष्ट्रीय यादीत त्याची 'अतिसंकटग्रस्त' ही श्रेणी बदलून 'संकटग्रस्त' अशी करण्यात आली. प्रौढ पक्ष्यांची संख्या तरीही एक हजाराच्या आतच असल्याचा अंदाज आहे.

त्याच्यावरील संकट मुख्यतः जंगलाचेच आहे. शेतीसाठी जंगलाची जमीन मोकळी होते, सरपण व इमारती लाकडासाठी झाडे तुटतात. वठलेले, पोकळ झालेले झाड निरुपयोगी समजून प्रथम तोडले जाते. नेमकी त्याच झाडात रानपिंगळ्याची ढोली असते. घुबडाविषयीच्या अपशकुनाच्या व जादूटोण्याच्या समजुतींपायीही हे पक्षी मारले जातात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये रानपिंगळ्याचा समावेश पहिल्या अनुसूचीत असून त्यास मारणे वा पकडणे हा गंभीर गुन्हा आहे.

सातपुड्याच्या पायथ्याच्या ग्रामपंचायतींकडे या बाबतीत एक साधन आहे. जैविक विविधता अधिनियम, २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते व गावाची लोकजैवविविधता नोंदवही तिने ठेवावयाची असते. कोणत्या शिवारात, कोणत्या झाडाच्या ढोलीत पिंगळा राहतो, हे गुराख्यास व शाळकरी मुलास ठाऊक असते. तो ठिपक्यांचा आहे की बिनठिपक्यांचा, एवढे शिक्षकांनी पाहून घेतले तर ती नोंद वनखात्याच्याही उपयोगी पडेल, आणि त्या झाडावर कुऱ्हाड पडण्यापूर्वी ती हाती असेल.